‘सावळी पण देखणी’: कास्टिंगमध्ये रंग नेमका कुठे ठरतो

एका नव्या दिग्दर्शकाचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या पहिल्या चित्रपटाची नायिका पटकथेत ‘सावळी पण देखणी’ आहे. ऑडिशनमध्ये सगळ्यांत सरस ठरलेली अभिनेत्री गोरी निघाली. निर्माते म्हणतात, मेकअपने दोन शेड खाली आणू, शेवटी हा अभिनयच आहे. दुसऱ्या क्रमांकावरची मुलगी खरोखर सावळी आहे आणि तिचं कामही चांगलं झालंय, पण ती ‘फ्रेममध्ये उठत नाही’ असं टीमचं मत पडलं. गोरीला सावळी करण्यात चूक काय, आणि मुळात कास्टिंग करताना रंग बघावा का?

मी 21 वर्षं कास्टिंग करते. आधी सरळ उत्तर देते: गोऱ्या अभिनेत्रीला रंगवून सावळी करू नका. पण एवढं वाचून थांबू नका, कारण तुमची अडचण मेकअपच्या खोलीत सुरू झालेली नाही. ती ब्रीफ, म्हणजे कुठल्या भूमिकेसाठी कसा कलाकार हवा याचं टिपण, लिहिलं त्या दिवशीच सुरू झाली.

तुम्ही पाठवलेली पात्रांची यादी मी तीनदा वाचली. अकरा पात्रं आहेत. रंग फक्त दोघांचा लिहिलाय, घरकाम करणाऱ्या नायिकेचा आणि तिच्या व्यसनी भावाचा. ती ‘सावळी पण देखणी’, तो ‘काळा, राकट’. नायिका ज्यांच्याकडे काम करते त्या डॉक्टरबाईंपुढे ‘स्मार्ट, प्रेझेंटेबल’ एवढंच आहे. वकील, शिक्षक, इन्स्पेक्टर यांना रंगच नाही. मग पटकथा उघडली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत रंगावरून कोणी नायिकेला बोलत नाही, ती स्वतः त्याचा विचार करत नाही, एकही प्रसंग त्यावर वळत नाही. म्हणजे तिचा सावळेपणा गोष्टीत कुठेच कामाला येत नाही. ती गरीब आहे, म्हणून तो तिच्या नावापुढे आलाय. तुम्ही हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. लिहिताना हात आपोआप तिकडे वळतो. माझाही कित्येक वर्षं वळत होता.

आणि तो ‘पण’ परत एकदा वाचा. ‘गोरी पण देखणी’ असं आपण कधी लिहीत नाही. ‘सावळी पण नाकीडोळी नीटस’ मात्र कुणालाही न खटकता लिहून जातो. त्या ‘पण’मध्ये सगळा हिशेब मांडलेला असतो: रंगाची वजाबाकी आधी झाली, मग नाकाडोळ्यांनी ती भरून काढली. ब्रीफमधला पहिला शब्द खोडायचा असेल तर हा खोडा.

ब्रीफ एका जागी बसून राहत नाही, हे नव्या दिग्दर्शकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही ‘प्रेझेंटेबल’ लिहिता. माझा सहाय्यक ते को-ऑर्डिनेटरला, म्हणजे कलाकारांचे फोटो गोळा करून पाठवणाऱ्याला, पाठवतो, को-ऑर्डिनेटर त्याचं ‘अपमार्केट लुक’ करून ग्रुपवर टाकतो, तिथून पुढे जाताना ते ‘फेअर, अपमार्केट’ होतं. कुणी खोटेपणा केलेला नसतो. जो तो आपल्या परीने तुमच्या मनातलं ओळखत असतो. उलट बाजूने ‘रस्टिक’चं ‘डार्क’ होतं. एका चित्रपटासाठी मी आर्किटेक्टची भूमिका ‘शहरी, आत्मविश्वास असलेली, पस्तिशीची’ अशी लिहिली होती. रंगाबद्दल एक अक्षर नव्हतं. शे-सव्वाशे प्रोफाइल आल्या. संध्याकाळी सगळे फोटो एका पडद्यावर लावले आणि मागे सरकून बघितलं, तर एकही सावळा चेहरा नाही. त्याच आठवड्यात बांधकामावरच्या मजूर बाईच्या भूमिकेसाठी आलेले फोटो शेजारी लावले, तर त्यात एकही उजळ चेहरा नव्हता. दोन्ही यादींत प्रशिक्षित नट्या होत्या, एकाच वयाच्या, काही तर एकाच नाट्यशाळेतून शिकलेल्या. आर्किटेक्टसाठी सावळ्या नट्यांना कोणीही नाकारलं नव्हतं. ऑडिशनच्या खोलीपर्यंत त्यांना येऊच दिलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या ब्रीफमध्ये एक ओळ ठळक अक्षरांत असते: ‘सर्व वर्णांच्या कलाकारांनी पाठवावे’. ती लिहिल्यावर पहिल्या दोन कामांत फारसा फरक पडला नाही, कारण को-ऑर्डिनेटरना ती शोभेची वाटली. मी एकाच रंगाची यादी परत पाठवायला लागले, तेव्हा फरक पडला.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. 2014 साली ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ या हॉलिवूडपटासाठी मुली निवडायला निघालेलं ब्रीफ सगळ्या जगाने वाचलं. त्यात मुलींचे ए, बी, सी, डी असे चार गट पाडले होते. बी गटासाठी उजळ वर्ण ही अट होती. डी गटात कोण हवं होतं? गरीब, शरीराने बेताच्या, आणि मध्यम ते गडद वर्णाच्या कृष्णवर्णीय मुली. गरिबी आणि रंग एकाच ओळीत, जणू ती दोन नव्हेत तर एकच गोष्ट. ओरड झाली, एजन्सीने माफी मागितली. बऱ्याच लोकांना ते ब्रीफ क्रूर वाटलं. मला ओळखीचं वाटलं. आपण जे मनात ठेवतो ते त्यांनी लिहिलं होतं, एवढाच फरक.

नंदिता दास यांनी स्वतःचा अनुभव जाहीरपणे बऱ्याचदा सांगितलाय. खेड्यातली किंवा झोपडपट्टीतली बाई साकारायची असेल तेव्हा त्यांच्या रंगाला कुणाची हरकत नसे. शिकलेली, सुस्थितीतली बाई असली की मात्र ‘रंग थोडा उजळ करूया’ अशी मागणी यायची. माणूस तीच, चेहरा तोच. पात्राची मिळकत वाढली की कातडीही उजळायला हवी, हा आपल्या धंद्यातला न लिहिलेला नियम आहे. तो धडधडीत खोटा आहे, कारण कुठल्याही जातीत, वर्गात, एका आईच्या पोटच्या भावंडांतसुद्धा सगळे रंग असतात. पडद्यावर मात्र रंग पाहून पात्राचा पगार सांगता येतो.

आता ‘हा शेवटी अभिनयच आहे’ या मुद्द्याकडे येते. निर्मात्यांचा हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. नट म्हातारा होतो, लंगडतो, वेगळ्या बोलीत बोलतो. मग रंग का नको? कारण ही वाट एकाच दिशेने वाहते. गोऱ्या मुलीला गोरी भूमिका मिळते आणि सावळीही मिळते. सावळ्या मुलीला गोरी म्हणून लिहिलेली भूमिका कुणी देत नाही, आणि तिच्या वाट्याची म्हणून जी उरते तीही मेकअपच्या डबीतून दुसरीकडे जाते. ‘बाला’ हा 2019 चा चित्रपट रंगावरून होणाऱ्या अपमानाविरुद्ध बोलतो, आणि त्यातल्या सावळ्या मुलीच्या भूमिकेसाठी भूमी पेडणेकर यांना गडद केलं होतं. त्याच वर्षी ‘सुपर 30’मध्ये हृतिक रोशन यांना, त्याआधी 2016 ला ‘उडता पंजाब’मध्ये आलिया भट यांना. या कलाकारांनी मेहनत केली नाही असं कुणी म्हणू नये, केलीच आहे. माझं म्हणणं त्यांच्या कामाबद्दल नाही, त्यांच्या आधी कुणाला बोलावलंच गेलं नाही त्याबद्दल आहे.

बाहेरचा इतिहास तर याहून चमत्कारिक आहे. 1933 च्या ‘द एम्परर जोन्स’मध्ये फ्रेडी वॉशिंग्टन ही कृष्णवर्णीय अभिनेत्री इतकी उजळ होती, की पॉल रोबसन या कृष्णवर्णीय नायकाबरोबरच्या प्रसंगांत ती गोरी बाई वाटेल या भीतीने तिला गडद मेकअप लावला. 1951 च्या ‘शो बोट’मध्ये मिश्र वंशाच्या ज्यूलीची भूमिका लीना हॉर्न या कृष्णवर्णीय गायिका-अभिनेत्रीला हवी होती. ती एव्हा गार्डनर या गोऱ्या अभिनेत्रीकडे गेली. पुढे 2016 ला ‘नीना’मध्ये गायिका नीना सिमोन यांच्या भूमिकेसाठी झोई साल्दान्या यांचा रंग गडद केला, नाकही वेगळं बसवलं. साल्दान्या स्वतः कृष्णवर्णीय वंशाच्या आहेत, तरी 2020 साली त्यांनी ही भूमिका करायला नको होती असं सांगून माफी मागितली. नीना सिमोन यांना हयातभर ज्या रंगामुळे आणि नाकाडोळ्यांमुळे सोसावं लागलं, तेच पडद्यावर उसनं आणलं होतं.

तत्त्व बाजूला ठेवून कारागिरीचंच बोलू. गडद केलेला माणूस मी सेटवर जवळून पाहिलाय. चेहऱ्याचा बेस लावायला वेळ लागत नाही, कारण चेहऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. मग मान, गळा, कानाच्या पाळीची मागची बाजू, कोपर, बोटांची पेरं. खऱ्या सावळ्या हाताचा तळवा उजळ असतो आणि तळव्यावरच्या रेषा गडद असतात. बोटांच्या सांध्यांवर रंग दाट होतो, नखांच्या कडेला वेगळा दिसतो. रंगवलेल्या हाताला हे काहीच नसतं, सगळीकडे एकच थर. त्या दिवशी नटीला भांडी घासायची होती. तिसऱ्या टेकला पाण्याने मनगटापर्यंतचा रंग उतरला आणि हातमोजे काढावेत तसा खालचा हात वर आला. चौथ्या टेकला घामाने ब्लाउजच्या गळ्याला तपकिरी कड आली. तुमच्या नायिकेच्या हातांचे क्लोजअप पटकथेत किती आहेत ते मोजा. मी मोजले, नऊ आहेत. त्यांतले सहा पाण्यात.

आता ‘फ्रेममध्ये उठत नाही’. तुमच्या प्रश्नातलं हेच वाक्य मला सर्वांत जास्त लागलं, कारण ते त्या मुलीच्या नावावर टाकलेलं तांत्रिक अपयश आहे. मी दोघींच्या टेप पाहिल्या. मागे पांढरी भिंत, समोर रिंग लाइट, फोन ऑटोवर. पांढरी भिंत दिसली की ऑटो एक्सपोजर प्रकाश कमी करतो, भिंत फटक पांढरी होऊ नये म्हणून. गोऱ्या चेहऱ्याला ते सोसतं. सावळा चेहरा त्यात एक ते दीड स्टॉप खाली जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), डोळ्यांच्या खोबणी बुजतात, आणि डोळेच दिसत नसतील तर अभिनय कुठून दिसणार? त्यातून तिने पावडर लावलेली आहे. सावळ्या कातडीवर कोरडी फिकट पावडर राखेसारखी दिसते. ती तिने का लावली हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ऑडिशनला जाताना थोडं उजळ दिसायचं, हे तिला कुणीतरी कधीतरी शिकवलेलं असतं.

यंत्रसुद्धा निष्पाप नव्हतं. कोडॅकच्या फिल्मचे प्रिंट जुळवायला लॅबमध्ये ‘शर्ली कार्ड’ नावाचा नमुना फोटो असायचा, त्यातली बाई गोरी. तिची कातडी नीट आली की रंग बरोबर, बाकीच्यांचं नशीब. गडद छटा नीट येत नाहीत अशी तक्रार चॉकलेटच्या आणि लाकडी फर्निचरच्या जाहिरातवाल्यांनी केली, तेव्हा कंपनीने फिल्म सुधारण्याकडे लक्ष दिलं. माणसांच्या चेहऱ्यांसाठी ते आधी सुचलं नव्हतं. आजच्या डिजिटल कॅमेऱ्याला ती सबब उरलेली नाही. आणि करणाऱ्यांनी तर फिल्मच्या काळातही केलं. 1967 च्या ‘इन द हीट ऑफ द नाइट’साठी कॅमेरामन हॅस्केल वेक्सलर यांनी सिडनी पॉइटिए या कृष्णवर्णीय नायकाचा चेहरा नीट दिसावा म्हणून प्रकाशयोजनाच बदलली. कृष्णवर्णीय मुलाची गोष्ट सांगणाऱ्या ‘मूनलाइट’ या अमेरिकी चित्रपटाच्या वेळी तर कातडी मॅट न करता चमकू दिली, कारण गडद कातडीवर प्रकाश पसरत नाही, तो परावर्तित होऊन दिसतो.

तुमच्या कॅमेरामनना हे माहीत असेलच, तरी लिहिते. भिंत मध्यम रंगाची घ्या, मातकट किंवा निळसर करडी. रिंग लाइट बंद करा. एका बाजूने मोठा, मऊ प्रकाश आणा, नसेल तर थर्मोकोलवरून उसळवा. एक्सपोजर चेहऱ्यावर लावून लॉक करा, भिंतीवर नाही. चेहरा धुवायला सांगा आणि साधं मॉइश्चरायझर लावा, बाकी काही नको. गोरी आणि सावळी एका फ्रेममध्ये असतील तर सावळीला की लाइटच्या, म्हणजे मुख्य दिव्याच्या, जवळ उभं करा आणि गोरीच्या बाजूचा प्रकाश जाळीने कापा. पाच मिनिटांचं काम आहे. आपण ती पाच मिनिटं देत नाही आणि म्हणतो चेहरा उठत नाही.

अशाच एका मुलीला मी एकदा परत बोलावलं होतं. वकिलाची भूमिका होती, पहिल्या टेपवर ‘नॉट फिट’ असा शेरा पडलेला. तोंड धुऊन ये म्हटलं तर तिने दोनदा विचारलं, ‘मॅडम, नक्की? काहीच न लावता?’ बेसिनपाशी पाण्याबरोबर फिकट गुलाबी पावडर वाहून गेली. ती ओला चेहरा घेऊन खिडकीच्या उजेडात बसली आणि उलटतपासणीचा तोच प्रसंग परत केला. तेव्हा पहिल्यांदा दिसलं की ती साक्षीदाराचं उत्तर ऐकताना डावी भुवई किंचित वर घेते, शब्द यायच्या आधी. पहिल्या टेपमध्येही तिने तेच केलं असणार. अंधारात कुणाला दिसलं नाही. तिला ती भूमिका मिळाली, आणि ब्रीफमध्ये वकील सावळी असावी असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

रंग बघूच नये का? बघावा लागतो, पण गोष्ट मागेल तेव्हाच. कथाच रंगाबद्दल असेल, तर ज्या कातडीबद्दल ती बोलते तीच कातडी हवी. खऱ्या व्यक्तीवर चित्रपट असेल आणि त्या व्यक्तीच्या आयुष्यात रंगाने काही घडवलं असेल, तरी तसंच. आणि कुटुंब जुळवताना. हे शेवटचं सगळ्यांत दुर्लक्षित आहे. आई सावळी, बाप सावळा, नायिकेचं बालपण करणारी मुलगी सावळी, आणि बारा वर्षं गेल्यावर दारातून आत येते ती गोरीपान. प्रेक्षकाला हे कळतं. तो बोलत नाही, कारण त्याला सवय झालीय. मी कुटुंबाचं कास्टिंग नायिकेपासून सुरू न करता आईपासून करते. आईच्या भूमिकेत रंगाची आडकाठी कमी असते, तिथे उत्तम सावळी अभिनेत्री सहज मिळते, आणि मग मुलगी तिच्यासारखी दिसायला हवी असा हट्ट मला धरता येतो. ‘इन द हाइट्स’ हा अमेरिकी संगीतपट 2021 ला आला तेव्हा टीका याच अंगाने झाली होती. ज्या वस्तीची ती गोष्ट, तिथे गडद वर्णाचे लॅटिनो लोक भरपूर, आणि प्रमुख भूमिकांत ते जवळपास नाहीत. त्याचे एक निर्माते आणि गीत-संगीतकार लिन-मॅन्युएल मिरांडा यांनी ते मान्य करून माफी मागितली.

पुरुषांना यातून बरीच सूट मिळते हेही सांगायला हवं. सावळा नायक ‘रांगडा’ ठरतो, त्याच्यासमोर नायिका गोरीच लागते. नायिकेचा रंग हा नायकाला मिळालेलं बक्षीस असल्यासारखा वापरला जातो. तुमच्याकडेही नायकाच्या ब्रीफमध्ये रंग नाही, तपासून बघा.

कलाकारांशी बोलताना एक पथ्य पाळा. रंगाबद्दल सल्ला देऊ नका, प्रेमानेही नाही. ‘थोडी ट्रीटमेंट घे’ हे वाक्य ऐकून मुली स्टेरॉइड असलेली क्रीम महिनोन्महिने लावतात. कातडी पातळ होते, लाल पडते, केस उगवतात, पुरळ येतं, आणि क्रीम थांबवली की जास्त भडकतं. अशा चेहऱ्याने माझ्यासमोर बसलेल्या मुली मी पाहिल्यात. क्रीमचं नाव 2020 ला ‘फेअर अँड लव्हली’चं ‘ग्लो अँड लव्हली’ झालं, सेटवर ‘फेअर’ऐवजी ‘ग्लो’ म्हणायला लागले, मागणी तीच राहिली. नकार द्यायचा असेल तर कामावरून द्या, आणि काम आवडलं नाही तर तसंच सांगा.

तुमच्या चित्रपटाचं आता काय करायचं ते सांगते. शूटिंगला सात आठवडे आहेत, तेवढा वेळ पुरेसा आहे. यादीतले दोन्ही रंगाचे शब्द काढा आणि ‘प्रेझेंटेबल’ही काढा. त्याजागी माणूस काय करतो ते लिहा. तुमची नायिका पायांत वेग असलेली, कमी बोलणारी, दुसऱ्याच्या घरात आवाज न करता वावरायला शिकलेली आहे. हे सगळं तुमच्याच पटकथेत आहे, ब्रीफमध्ये आलं नाही. दोघींना परत बोलवा, वर लिहिलेल्या प्रकाशात, धुतलेल्या चेहऱ्यांनी. टेप आधी टीमला नुसत्या ऐकवा, पडदा बंद ठेवून. आवाजावर प्रत्येकाने आपलं मत लिहून द्यायचं आणि मगच चित्र बघायचं. मी हे गेली काही वर्षं प्रत्येक मोठ्या भूमिकेसाठी करते, आणि चित्र दिसल्यावर मत का बदललं हे ज्याचं त्याला सांगायला लावते. निर्मात्यांनाही त्या खोलीत बसवा.

त्यानंतरही गोरी अभिनेत्रीच सरस वाटली तर तिला तिच्या रंगासकट घ्या. गोष्टीत रंग नाहीच, तर घरकाम करणारी बाई गोरी असायला काय हरकत आहे? मात्र तिचा भाऊ आणि आई तिच्याशी जुळवून घ्या. आणि डॉक्टरबाईंची भूमिका अजून रिकामी आहे असं तुम्ही लिहिलंय. दुसऱ्या मुलीच्या टेपमध्ये 2 मिनिटं 10 सेकंदांना ती थांबते, खाली बघते आणि मग उत्तर देते. तो थांबा डॉक्टरचा आहे. तिला तो प्रसंगही वाचायला द्या.